मशीन दागिने धुवायचं आहे, औषधाचं नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरच्या सराफ बाजारातला सोनार. वडिलांच्या हाताखाली फुंकणी धरली तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आता साठीला दोन वर्षं कमी आहेत. एवढ्या वर्षांत वर्तमानपत्राला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. आता आली, कारण दिवाळीपासून पाच माणसं माझ्या दुकानाची पायरी अशी चढली की त्यांना ना काही घडवायचं होतं ना मोडायचं. त्यांना माझं दागिने धुवायचं मशीन एका रात्रीपुरतं हवं होतं. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी रीतसर भाडं विचारलं. एक बाई तर भिजवलेलं लेसिथिन (सोयाबीन तेलातून निघणारा चिकट पदार्थ) बरणीत घेऊनच आल्या होत्या, मशीनमध्ये ओतायचंच बाकी.

सगळ्यांना घरच्या घरी ‘लायपोसोमल व्हिटॅमिन सी’ करायचं होतं. आणि हे खूळ गल्लीत पसरलं ते माझ्याच दुकानातून. पहिला घाणा मी काढला. म्हणून हे पत्र मलाच लिहिणं भाग आहे.

‘लायपोसोमल’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला २०२१ च्या मे महिन्यात. करोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीनं गाठलं होतं आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक जळगाव, धुळे, नाशिक, सुरत पालथं घालत होते. एका जुन्या गिऱ्हाइकानं भावाच्या उपचारासाठी बायकोच्या पाटल्या माझ्या काट्यावर ठेवल्या. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर हाच शब्द होता. नुसतं ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार बाधतं, चरबीच्या बारीक गोळ्यांत घालून दिलं की ते बरंच सोसतं, असं डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं. पाटल्या मोडल्या. भाऊ वाचला, एक डोळा गेला. तेव्हापासून माझ्या मनात या शब्दाला वजन आहे. दिवाळीत मेहुण्यानं तोच शब्द काढला तेव्हा मी निम्मा तिथेच विरघळलो.

मेहुणा सुरतेला कापडाच्या धंद्यात आहे. खान्देशातल्या निम्म्या घरांचा एक पाय सुरतेत असतो, तसा आमचाही. पाडव्याच्या जेवणानंतर त्यानं पिशवीतून दोन पुडे काढले. एकात पिवळसर दाणे, सोया लेसिथिन. दुसऱ्यात पिठीसाखरेसारखी पांढरी पूड, ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच व्हिटॅमिन सी. म्हणाला, “दाजी, बाजारात या औषधाची बाटली दीड-दोन हजाराला आहे. घरी केली तर शंभराच्या आत. फक्त एक मशीन लागतं आणि ते तुमच्या दुकानात धूळ खात पडलंय.”

धूळ खात नाही ते. दिवाळी-लग्नसराईत त्याला उसंत नसते. पण ते जाऊ द्या.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्टीलची दोन लिटरची टाकी असते. बुडाला बाहेरून चकत्या चिकटवलेल्या असतात, त्या सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. त्यानं पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात आणि फुटतात. फुटताना जो हिसका बसतो तो नक्षीच्या खाचेतला, मण्याच्या भोकातला मळ उपटून काढतो. पूर्वी आम्ही हेच काम रिठ्याचं पाणी आणि ब्रश घेऊन तासभर करायचो. मशीन नीट चाललंय का ते पाहायला ॲल्युमिनियमची फॉईल पाण्यात उभी धरायची. मिनिटभरात तिला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. मोती, पोवळं, पाचू यात चुकूनही टाकायचं नाही, वाया जातं. हिसका तेवढा जोरकस असतो, पण तो मळ काढण्यापुरता. मेहुण्याचं म्हणणं असं की याच हिसक्यानं लेसिथिनच्या सूक्ष्म गोळ्या होतात, व्हिटॅमिन त्यांच्या आत कोंडलं जातं, पोटात न फुटता थेट रक्तात उतरतं.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही कामाला लागलो. तीन मोठे चमचे लेसिथिन सकाळपासून एक कप पाण्यात भिजत होतं, ते मिक्सरमधून फिरवलं. एक मोठा चमचा पूड अर्धा कप पाण्यात विरघळवली. टाकी मी तीनदा धुतली, शेवटी लिंबाची फोडही फिरवली. दोन्ही एकत्र ओतून अर्धा तास मशीन चालू. गुर्रर्र असा आवाज, टाकीत वाटीभर दूध हलल्यासारखं. तेवढ्यात आई मागच्या दारानं आली. तिचं वय ब्याऐंशी, बोलणं अजून ठसठशीत अहिराणी. टाकीत डोकावून म्हणाली, “हाई काय शे रे? दागिना धोवाना डबामा दवाई करतस का कोनी?”

आम्ही दोघं हसलो. तेव्हा ऐकलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मेहुण्यानं ‘परीक्षा’ही करून दाखवली. पेल्यात थोडं घेऊन त्यात खायचा सोडा टाकला. फेस बेताचाच आला. “पाहिलं? व्हिटॅमिन उघडं असतं तर भसाभसा उसळलं असतं. म्हणजे सत्तर टक्के आत गेलं.” सत्तर हा आकडा कुठून आला ते मी विचारलं. तो म्हणाला, सगळे सत्तरच सांगतात.

आता माझी चूक सांगतो. मी सोनार असून हे ऐकून गप्प बसलो. आमच्याकडे कुणी सांगितलं की या बांगडीत अमुक टक्के सोनं आहे, तर आम्ही आधी कसोटीवर घासतो, शेजारी वानीचा, म्हणजे शुद्धता माहीत असलेल्या सोन्याचा, कस ओढतो, तेजाबाचा थेंब टाकतो, मग तोंड उघडतो. सख्खा भाऊ आला तरी. आणि पोटात घ्यायच्या वस्तूला मी सोड्याच्या फेसावर पास केलं.

सकाळ-संध्याकाळ पाव-पाव कप घ्यायचं ठरलं. मी घेऊ लागलो. मेहुण्याला मात्र त्याच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या सौ.नी, चमचाभरही घेऊ दिलं नाही. आठ वर्षांपूर्वी त्याला मुतखडा झाला होता. तो विसरला होता, ती विसरली नव्हती. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तिचंच बरोबर. जादा व्हिटॅमिन सीपैकी काही भागाचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. आपल्याकडचं मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, अंगातलं सगळं पाणी घामावाटे जातं. खान्देशात मुतखड्याला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक समोर बसवून मी तीनदा आत गेलो. फोनवर मेहुणा म्हणाला, “शरीर स्वच्छ होतंय, दाजी.” मी म्हटलं, तुझ्या मशीननं मलाच धुतलं की रे.

पाचव्या दिवशी मुलगी आली. ती शिरपूरला बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. फ्रिजमधली बाटली तिनं उजेडात धरली. रात्रभर स्थिर राहिलेल्या त्या द्रवाचे थर झाले होते. वर साईसारखा जाड पिवळट थर, खाली गढूळ पाणी आणि अगदी तळाशी केसाएवढी एक राखाडी रेघ. मुलीनं नळीनं मधल्या पाण्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले. “चाटा.” चाटलं. कच्च्या कैरीसारखं दात आंबवणारं. ती म्हणाली, “पप्पा, व्हिटॅमिन खरंच आत कोंडलं गेलं असतं तर हे पाणी जिभेला इतकं आंबट लागलं असतं का? ते बहुतेक सगळं बाहेरच आहे. तुमचं पोट म्हणूनच गेलं. आत गेलेलं व्हिटॅमिन पोट बिघडवत नाही हीच तर या औषधाची जाहिरात असते. थोडं श्रेय त्या तीन चमचे लेसिथिनलाही द्या.”

मग तिनं मला वहीवर चित्र काढून समजावलं. लेसिथिनच्या कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना तेल. पाण्यात सोडले की हे कण शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा दोन रांगा करून पापुद्रा धरतात आणि तो पापुद्रा वळून स्वतःवरच मिटला की पोकळ गोळी होते. तीच लायपोसोम. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बॅबरहॅमला ॲलेक बँगहॅम नावाच्या संशोधकानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा ओळखल्या. पुढे त्यांत औषध भरायची कल्पना निघाली, पण अशा गोळ्यांत भरलेलं कर्करोगावरचं औषध अमेरिकेत मान्य व्हायला १९९५ साल उजाडलं. म्हणजे तीस वर्षं. आम्ही अर्ध्या तासात उरकलं होतं.

मी म्हटलं, म्हणजे लाख भरलेला मणी. वरून सोन्याचा पत्रा, आत लाख. ती म्हणाली, तसंच समजा, पण पत्रा किती पातळ? भिंत चार-पाच नॅनोमीटर आणि अख्खी गोळी शंभर नॅनोमीटरच्या आसपास. मला नॅनोमीटर कळत नाही, वर्ख कळतो. देवाच्या मूर्तीला लावतात तो सोन्याचा वर्ख साधारण शंभर नॅनोमीटर जाड. म्हणजे वर्खाच्या जाडीत ही अख्खी गोळी मावते आणि तिच्या भिंती एकावर एक रचल्या तर वीसेक थरांनी एक वर्ख होतो. हे ऐकून मी जरा गप्पच झालो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बारीक काम केल्याचा अभिमान बाळगतो.

कारखान्यात हे कसं करतात तेही तिनं सांगितलं. शुद्ध केलेलं फॉस्फॅटिडिलकोलिन घेतात. दुकानातल्या लेसिथिनच्या दाण्यांत ते पाव हिश्श्याच्या आसपास असतं, बाकी त्याचीच दुसरी भावंडं, थोडं तेल, साखरेचे प्रकार. ते द्रावकात विरघळवून काचेच्या फिरत्या फ्लास्कमध्ये वाळवतात, आतल्या बाजूला पातळ पापुद्रा बसतो, मग त्यात औषधाचं पाणी घालून पापुद्रा उकलवतात. भिंत घट्ट व्हावी म्हणून बऱ्याचदा कोलेस्टेरॉल घालतात. शेवटी सगळ्या गोळ्या एका मापाच्या व्हाव्यात म्हणून दाब देऊन बारीक छिद्रांच्या पडद्यातून काढतात. इथे मला एकदम ओळखीचं वाटलं, कारण आम्ही सोन्याची तार जंत्रीच्या भोकातून ओढून बारीक करतो ती हीच रीत. कुठे ध्वनिलहरी वापरल्या तरी त्या अशा टाकीच्या बुडातून पसरट येत नाहीत, धातूची सळई थेट द्रवात बुडवून सगळा जोर एका जागी देतात. आणि हे झाल्यावर खरं काम सुरू होतं, मोजण्याचं. लेझरचा झोत टाकून गोळ्यांचा आकार पाहतात. बाहेर राहिलेलं औषध वेगळं काढून आत किती गेलं ते काढतात. बारीक गोळ्या खरंच झाल्या असतील तर पाणी दुधासारखं दिसत नाही, निळसर झाक मारतं आणि पलीकडचं थोडं दिसतं. आमचं होतं ते म्हशीचं दूध.

“मग आम्ही केलं ते काय?” मी विचारलं.

“काही गोळ्या झाल्याही असतील, पप्पा. मणी किती आणि कीस किती, हे तुम्हीही सांगू शकत नाही, मीही नाही.”

माझ्या दृष्टीनं विषय तिथेच संपला. आमच्या धंद्यावर १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, सक्तीचा झाला. आम्ही तेव्हा खूप कुरकुरलो, मोर्चाची भाषा केली. पण आज गिऱ्हाईक भिंगातून ९१६ वाचतं आणि निर्धास्त गळ्यात घालतं. गळ्यात घालायच्या वस्तूला एवढं, आणि घशाखाली घालायच्या वस्तूला सोड्याचा फेस!

त्या राखाडी रेघेचं राहिलंच. मुलीला ती कळली नाही, मला बघताक्षणी कळली. ती माझ्या टाकीतली. दागिन्याबरोबर त्या टाकीत पॉलिशची लाल पूड उतरते, अंगाचा मळ उतरतो, साबणाचं पाणी असतं, झिजलेलं तांबं-चांदी असते. जुने केडीएमचे दागिने उजाळ्याला येतात. केडीएमचा डाक म्हणजे कॅडमियमचा जोड. त्याचा धूर कारागिरांच्या छातीत जातो म्हणून धंद्यातून तो हद्दपार झाला, पण आपल्या आजीच्या डब्यातून झाला नाही. टाकीतलं पाणी आम्ही कधी गटारात सोडत नाही, मागच्या पिंपात साठवतो, कारण त्यात सोन्याचे कण असतात. वर्षाकाठी झारेकरी येतो आणि तो गाळ तोलून नेतो. ज्या भांड्याच्या तळातून माणूस धातू वेचून पोट भरतो, त्या भांड्यात मी व्हिटॅमिन रांधलं. तेही लिंबाच्या तोडीचं आम्ल, जे धातू सोडवून घ्यायला टपलेलंच असतं. वर चाळीस हजारांचा हिसका. तो तर टाकीच्या स्टीललाही हळूहळू खातो. माझ्या टाकीचं बूड आता बोटाला खरखरीत लागतं. तीनदा धुवून आणि लिंबू फिरवून हे जात नसतं. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मला हे मशीन चालू करण्याआधी सुचायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मास्तरासारखाच प्रश्न केला, की नवं कोरं मशीन आणलं आणि काचेच्या बाटलीत घालून टाकीतल्या पाण्यात उभं केलं तर? तर मळाचा प्रश्न सुटेल, सर. कसाचा नाही सुटणार. आणि अर्धा तास मशीन चालल्यावर पाणी हाताला चटका बसण्याइतकं तापतं, व्हिटॅमिन सीला उष्णता, हवा, उजेड तिन्ही वैरी. पाण्यात थोडं तांबं किंवा लोह असलं की ते आणखी लवकर मरतं. लेसिथिनही पडून राहिलं की खवट होतं. ही बाटली आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची म्हणतात. उन्हाळ्यात आपल्याकडे फ्रिजला वीज किती तास मिळते हे मी सांगायला नको.

सरांना आणखी एक सांगितलं, ते मात्र डॉक्टरांना विचारून. सर इन्सुलिन घेतात. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस पोटात असताना काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. आकडा बघून माणूस इन्सुलिन वाढवतो आणि खरी साखर एकदम खाली येते. सर ते ऐकून भाड्याचे पैसे खिशात घालून गेले. मुलीनं आणखी एक भर घातली होती. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी मोठ्या डोसानं फुटू शकतात. ही कमतरता देशातल्या काही आदिवासी समाजांत जास्त आढळते आणि बहुतेकांना ती आहे हे ठाऊकच नसतं.

हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणून तो चमचा काट्यावर ठेवला. सपाट भरलेला मोठा चमचा १३ ग्रॅम भरला. जुन्या मापानं तोळ्याहून जास्त. तोळ्याला १२ मासे, माशाला ८ गुंजा, एक गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी सांगितलं आहे, बाईला ६५. म्हणजे पुरुषाला अख्खी गुंजही लागत नाही. आणि मी सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वाचार ग्रॅमच्या वर पीत होतो, पस्तीसेक गुंजा! दोन ग्रॅम ही मोठ्या माणसाची वरची मर्यादा मानतात, तिच्या दुपटीहून जास्त. शरीर तरी काय करील? दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत आतडं जवळजवळ सगळं उचलतं, एका वेळी एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी. उरलेलं आतड्यातून आणि लघवीतून वाहून जातं, आणि त्या गटाराला झारेकरी नसतो.

मेहुण्यानं शेवटचा पत्ता टाकला लायनस पॉलिंगचा. दोन नोबेलं मिळवलेला माणूस, १९५४ ला रसायनशास्त्राचं, १९६२ ला शांततेचं, आणि तो ग्रॅमनं व्हिटॅमिन सी घ्यायचा. खरं आहे. पण पुढे झालेल्या चाचण्यांत रोज व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी कमी वेळा होते असं दिसलं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत आठेक टक्क्यांनी लवकर आटोपते. आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसासाठी माझे दोन दिवस गेले.

एक कबूल करायला हवं. मेहुण्याचं म्हणणं सगळंच खोटं नाही. प्रयोगशाळेत नीट केलेल्या लायपोसोमल व्हिटॅमिननं रक्तात साध्या गोळीपेक्षा काहीसं जास्त व्हिटॅमिन उतरतं, असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, हे मुलीनंच सांगितलं. त्यानं माणूस जास्त निरोगी होतो का, हा वेगळा प्रश्न. पण बाटलीची किंमत दीड-दोन हजार ठेवली आणि जाहिरातीत ते अमृत म्हणून दाखवलं, की कापूस विकून हातात चार पैसे येणारा माणूस घरी करायचा प्रयत्न करणारच. तो मूर्ख नसतो, त्याला परवडत नसतं. आणि लेसिथिन काही परकं नाही आपल्याला. आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तोच पुढे विप्रो झाला. तेलाची भाषा या गावाला कळते. कच्च्या सोयाबीन तेलात थोडं गरम पाणी घातलं की जो चिकट गाळ वेगळा होतो, तो वाळवला की झालं लेसिथिन. वाटतं, एवढं सोपं आहे तर पुढचंही सोपंच असणार.

ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांना डॉक्टर साधी गोळी देतात. पंधरा गोळ्यांची पट्टी तीस रुपयांच्या आसपास. बाकीच्यांसाठी शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. हिवाळ्यात अमळनेरच्या आठवडे बाजारात पेरूचे ढीग असतात. आणि आपल्या पानात ताजी हिरवी मिरची असतेच. संट-ग्यॉर्गी नावाच्या शास्त्रज्ञानं हंगेरीत हे व्हिटॅमिन ढिगानं मिळवलं ते मिरचीतून, तिथल्या पापरिकातून, आणि १९३७ चं नोबेल नेलं. नंदुरबारला मिरचीच्या लालभडक पथारींवरून जाताना मला आता त्याची आठवण होते, जरी उन्हात वाळलेल्या मिरचीत ते फारसं उरत नाही. ताजी खावी, भरिताबरोबर, वरून लिंबू पिळून. मेहुणा म्हणतो यात थरार नाही. नसेल.

माझी विनंती तीन जागी आहे. सराफ बंधूंनी, खासकरून चोपडा, पारोळा, एरंडोल, धरणगावच्या, कारण तिथूनही विचारणा झाल्याचं कानावर आलं आहे, हे मशीन कुणाला या कामासाठी देऊ नये, ओळखीतल्याला तर मुळीच नाही. ज्यांनी अशा टाकीतून काढलेलं काही घरात ठेवलं असेल त्यांनी ते ओतून द्यावं, आणि प्यालं असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावं. मी सांगितलं, ते हसले, पण तपासण्या लिहून दिल्या. आणि आपल्याला विनंती ही की आरोग्याच्या पानावर एखाद्या फार्मसीच्या प्राध्यापकाकडून या विषयावर लिहून घ्यावं. सोनाराच्या पत्रावर किती जण विश्वास ठेवतील?

माझ्या दुकानात आता मशीनवर पाटी लावली आहे. मुलीनं लिहून दिली, मी रंगवली. ‘फक्त दागिन्यांसाठी.’ परवा एका गिऱ्हाइकानं ती वाचून विचारलं, दुसरं कशासाठी वापरतात का हे? मी म्हटलं, बसा, सांगतो.

आपला नम्र,
सराफ बाजारातला एक सोनार, अमळनेर
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)

ता. क. – लेसिथिनचं अर्धं पाकीट उरलं होतं. गल्लीतल्या बेकरीवाल्याला दाखवलं. त्यानं चिमूटभर बोटांत चोळलं, वास घेतला आणि मांडणीवरच्या बिस्किटांच्या पुड्यावरचा ३२२ हा आकडा, म्हणजे लेसिथिनचा क्रमांक, मला दाखवला. “हेच ते.” पाकीट ठेवून घेतलं आणि मला अर्धा किलो नानकटाई बांधून दिली.